तुमसरचं बारदान आणि आखरावरची हरळी

कोल्हापुरात कुणाला सांगा की आम्ही फुटबॉल खेळायला तुमसरला गेलो होतो. तो आधी विचारतो, "हे आलं कुठं?" भंडारा जिल्ह्यात म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो, "तिथं फुटबॉल खेळतात?" आपल्याकडची माणसं नागपूरपाशी नकाशा दुमडून ठेवतात, पुढचं उलगडतच नाहीत. मीही त्यातलाच होतो. आता जाऊन आलोय, तर जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

मी शाळेत पी.टी. शिकवतो आणि आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे तिकिटं काढणारा, शिव्या खाणारा आणि पोरांची दुखरी अंगं चोळणारा. एके काळी मी खेळायचोही. फरशीसारख्या टणक मैदानावर उजवा गुडघा गेला तो गेलाच. अजून मला मांडी घालून बसता येत नाही. संघात नवं पोर आलं की मी आधी त्याचे गुडघे बघतो, मग खेळ. पोरं पाठीमागं मला गुडघेमास्तर म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

या वेळी एकाच माणसाच्या गुडघ्यांचा घोर लागला होता. सदा आमचा लेफ्ट विंगर. मुंबईच्या एका बँकेच्या संघात त्याची ट्रायल ठरली होती, आम्ही परतल्यावर आठवड्याभरात. निवड झाली तर कायमची नोकरी. नाही तर पुन्हा उद्यमनगरातल्या कारखान्यात रोजंदारीवर लेथ फिरवायचं. मी म्हटलं, "तू येऊ नकोस. ट्रायलपर्यंत घरी बस." तर तो म्हणाला, "घरी बसून पाय गंजतील की सर. मॅच पाहिजे मला." तेही खरं होतं. म्हणून नेला.

तुमसर रोड

रेल्वेचा कंटाळा सांगत बसत नाही. नागपूर मागं पडलं आणि खिडकीबाहेर सगळा मुलूखच बदलला. आमच्याकडं जानेवारीत ऊस उभा असतो. इथं धान कापून झालेलं, बांध घालून आखलेली चौकोनी शेतं रिकामी, आणि मधूनमधून तलाव. इतके तलाव मी कुठं पाहिले नव्हते. बंड्या, आमचा बॅक, म्हणाला, "ह्या लोकांनी रंकाळ्याची पिल्लं पाळलीत जणू."

तुमसर रोडला उतरलो तर घ्यायला ट्रॅक्टर आला होता. ट्रॉलीत भाताच्या पेंढ्याच्या गाद्या घातलेल्या. सोबत स्वतः केशवजी. हे तुमसरच्या एका राइस मिलचे मालक, वय पन्नाशीचं, पांढरं धोतर, आणि फुटबॉल म्हटलं की वेडे. चार संघांची ही स्पर्धा त्यांनीच भरवली होती. त्यांच्या शेजारी उभा होता देवाजी, यजमान संघाचा कॅप्टन. मिलमध्ये पोती वाहायचं त्याचं काम, मान आणि पाठ एकाच लाकडातून कोरल्यासारखी. पायात काही नाही. खेळतानाही काही नसतं, हे नंतर कळलं.

जेवण केशवजींच्या घरी. पंगत बसली. मी उभाच राहिलो तेव्हा केशवजींनी विचारलं, "काहून जी गुरुजी, बसून नाई राहिले?" गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी कुणाला तरी हाक मारली आणि माझ्यासाठी घडी केलेल्या बारदानांची चळत आली. मिलवाल्याच्या घरी बारदानाला काय तोटा! त्यावर मी एखाद्या संस्थानिकासारखा बसलो. पानात वांग्याची भाजी, तलावातल्या बारीक मासोळ्यांचं तिखट कालवण आणि भाताचा डोंगर. आमची पोरं भाकरीची वाट बघत राहिली. भाकरी आली नाही, दुसरा डोंगर आला. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. पण त्या वांग्याची चव अजून जिभेवर आहे. आमच्या कृष्णाकाठच्या वांग्याचा अभिमान मी तिथंच गिळला.

"चाला गुरुजी," हात धुताना केशवजी म्हणाले, "आता आमचं मैदान दाखवतो. पाहून खुश होऊन जाल."

मिलचं पटांगण

मैदान पाहिलं आणि आम्ही कडेलाच थांबलो. मिलमागच्या धान वाळवायच्या पटांगणावर वीतभर भुसा पसरला होता. त्यावर शेकडो बारदानं कडेला कड लावून सुतळीनं शिवलेली, हिरव्या रंगात बुडवून काढलेली, चारी बाजूंनी लोखंडी खुंट्या ठोकून ताणलेली. वर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. प्रेक्षकांना बसायला भरल्या पोत्यांच्या पायऱ्या.

"दिल्लीत हॉकीसाठी पिलास्टिकचं गवत टाकलं म्हणते. पेपरात फोटो पाहिला मी," केशवजी म्हणाले. "मंग म्हटलं, आपुन काहून मागं राहावं? बारदाना घरचा, भुसा घरचा, शिवाले देवाजी अन् त्याची मंडळी. आता आमाले पाऊस नाई, चिखल नाई, खड्डा नाई."

पोरं खुश झाली. उड्या मारून बघू लागली. मऊ होतं, खोटं कशाला बोलू. मी मात्र बुटाचं टोक दाबून टाच फिरवून पाहिली. टाच फिरली नाही. बुटाखालचे स्टड बारदानाच्या विणीत शिरले आणि तिथंच बसले. पण पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं यजमानाच्या अंगणाला पहिल्याच दिवशी नावं ठेवायची कशी? मी तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आमची सेमीफायनल बालाघाटच्या संघाशी. आम्ही पुढं होतो. बंड्या बॉल घेऊन वळला. अंग वळलं, मांडी वळली, पाऊल वळलं नाही. कुणी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. ओली काठी मोडावी तसा आवाज मी बाहेर बसून ऐकला. बंड्या ओरडलाही नाही, नुसता आडवा होऊन आभाळाकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी पाय फळीत बांधला आणि म्हणाले, आत काय तुटलंय ते गावी गेल्यावर नीट तपासून घ्या. मॅच आम्ही जिंकली. दुसरी सेमीफायनल यजमानांनी जिंकली. म्हणजे एक दिवस सोडून फायनल, तुमसरविरुद्ध कोल्हापूर, त्याच बारदानावर.

संध्याकाळी मी केशवजींसमोर उभा राहिलो. "केशवजी, आम्ही हरलो असं जाहीर करा. माझी पोरं त्या बारदानावर पुन्हा उतरणार नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. "गुरुजी, फुटबॉलात पाय मोडतेच. गवतावर का मोडत नाई?"

"मोडतो. पण गवत पाय सोडतं. पाऊल अडकलं तर गवताचं ढेकूळ उपटून येतं आणि गुडघा वाचतो. तुमचं बारदान पाय सोडत नाही."

"लोक म्हणतील कोल्हापूरवाले भेले."

"म्हणू देत."

मागून सदा पुढं आला. "सर, मी बूट काढून खेळतो की. त्येंची पोरं अनवाणीच खेळत्यात."

"तू जन्मात कधी अनवाणी खेळलायस? इथं अंगठ्याचं नख गेलं तर ट्रायलला चप्पल घालून पळशील? गप बस." मी त्याच्यावर इतका जोरात ओरडलो की वाढायला आलेल्या केशवजींच्या सूनबाई दारातूनच परत गेल्या.

मग केशवजी म्हणाले, "ठीक हाय. उद्याचा दिवस तुमचा. ट्रॅक्टर घ्या, देवाजीले घ्या. या भागात तुमाले पाहिजे तसं गवत भेटलं तं फायनल तती खेळू. नाई भेटलं तं बारदान्यावर. बोला, कबूल?"

मी कबूल म्हणालो. म्हटलं तेव्हा वाटलं होतं, एवढा पाणीदार मुलूख, गवताला काय दुष्काळ!

गवताच्या शोधात

दुष्काळच होता. शाळेचं मैदान पाहिलं, त्यावर मुरूम. त्यावर पडलं की गुडघ्यातले खडे आठवडाभर वेचत बसायचं. मग वैनगंगेकाठी गेलो. काय ती नदी! आमची पंचगंगा तिच्यापुढं धाकटी वहिनी. काठ रुंद, सपाट, पण सगळी वाळू. चार पावलं धावलो आणि घोटा आत गेला. देवाजी म्हणाला, "अती वाळूत तं बैल बी दमते गुरुजी."

पुढं एका वळणावर मला हिरवंगार दिसलं. कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, घोट्याएवढं, दाट, निळसर फुलांचं. मी ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि लंगडत बांधावरून आत उतरलो. "देवाजी! हे बघ गवत!" दुसऱ्या बांधावरून एक बाई विळा उगारून धावत आली.

"ओ मास्तर! आंधळे हा का जी? लाखोरी हाय थे! डाळ खाता का नाई घरी?"

धान कापण्याआधीच त्यात लाखोरी फेकतात, धान निघालं की ती वर येते, असं देवाजीनं हसू दाबत सांगितलं. मी त्या बाईंची माफी मागितली. एवढं झाल्यावर त्यांनी आम्हाला घरी नेऊन चहा पाजला आणि सगळ्या गल्लीला बोलावून सांगितलं, की हे पाव्हणे लाखोरीत फुटबॉल खेळाले आले.

परत ट्रॅक्टरवर बसलो तेव्हा देवाजी गंभीर झाला होता. "गुरुजी, एक गोष्ट खरी सांगा. चूक आमच्या बारदान्याची, का तुमच्या बुटाची?"

सरळ माणसानं सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "दोघांची सोयरीक जमत नाही देवाजी. तुझ्या उघड्या पायाला बारदान धरत नाही."

"धरत नाई, पण खाते." त्यानं धोतर वर करून मांडी दाखवली. पडून घसरल्यावर बारदानानं सोललेलं कातडं, तळहाताएवढं, त्यावर खपली. "आमी सगळे असेच हाओ. मालकानं एवढ्या हौसेनं केलं, आमीच रातदिस शिवलं. मंग सांगावं कसं?"

सूर्य कलायला लागला तेव्हा एका गावाबाहेर तलावाची पाळ लागली. पाळीखाली पाण्याचा पाझर उतरत असावा, कारण तिथला लांबरुंद तुकडा त्या कोरड्या दिवसांतही ओला हिरवा होता. हरळी. गुरांनी चरून चरून अगदी जमिनीसरशी केलेली. मी बूट दाबला, टाच फिरवली. टाच फिरली आणि सोबत हरळीचं एवढंसं ढेकूळ निघून आलं. मला त्या ढेकळाचा मुका घ्यावासा वाटला.

हे गावाचं आखर. सकाळी गावातली सगळी गुरं इथं गोळा होतात, मग गायकी, म्हणजे गुराखी, त्यांना रानात नेतो. गावचे सोमाजी पाटील भेटले. खूप म्हातारे, पण आवाज खणखणीत. देवाजीनं सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "हाव, खेळा ना जी! गाई रानात गेल्यावर या. आमच्या आखरावर एवढ्या लांबचे पाव्हणे खेळतील, आमचं भाग्य हाय. तुमी कायी काळजी नका करू, सगळी तयारी आमी करतो."

मी त्यांचे हात धरले. तयारी म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आखर

सकाळी दोन्ही संघ, केशवजी आणि मागून अर्धं तुमसर असे आम्ही पोचलो. पाहतो तर सगळं गाव आखरावर. बाप्ये फावडी घेऊन हरळी खरवडून काढतायत, मागून बाया पाणी मारून चोपण्या आपटतायत, त्यांच्या मागून शेणाचा सडा. अर्धं आखर सारवलेल्या ओसरीसारखं लख्ख, तुळतुळीत झालं होतं. कडेला उपटलेल्या हरळीचे ढीग. आणि सोमाजी पाटील काठी टेकून घामाघूम, हसऱ्या तोंडानं सामोरे आले.

मी त्या लंगड्या पायानं धावत सुटलो. "थांबा! अहो थांबा! गवत काढू नका!"

फावडी थांबली. सोमाजींना काही कळेना. "काहून जी? गवतात का खेळाल तुमी? गवत तं ढोराले. मानसाले साफ जागा पायजे. धानाचं खळं करतो ना, तसं करून देऊन राहिलो. पाव्हण्याले कचऱ्यात उभं करावं का?"

ही माणसं अंधार फिटल्यापासून आमच्यासाठी राबत होती. धान झोडायचं खळं त्यांच्याकडं देवघरासारखं सारवून घेतात, तोच मान त्यांनी आम्हाला दिला होता. राग धरायचा कुणावर? पण हसावं तर डोळ्यांसमोर बंड्याची फळी.

मी सोमाजींना सगळं समजावलं. बंड्याला ट्रॉलीतून उचलून आणलं होतं, त्याचा पायच दाखवला. म्हातारा पायाकडं बघत राहिला. मग वळून गावाला ओरडला, "फावडे खाली ठेवा गा!"

केशवजी जवळ आले. "गुरुजी, आता अर्धंच राहिलं. यात फायनल कशी होईन? चाला मिलमंदी. कबूल केलं होतं तुमी."

"गवत मिळालं तर तिथं खेळू, असं ठरलं होतं. गवत समोर आहे."

"अर्ध्यात?"

"अर्ध्यात. मैदान आडवं आखू. सात-सात गडी. या सारवलेल्या जागेवर लोक बसतील. एवढी स्वच्छ गॅलरी दिल्लीतसुद्धा नसेल."

"पोरखेळ होईन जी तो."

"होऊ दे. पण मी इथून हलत नाही."

मी खरंच हललो नाही. केशवजी माझ्याकडं, मी केशवजींकडं. तेवढ्यात देवाजी काही न बोलता हरळीवर गेला आणि पायानं गोलची जागा आखायला लागला. मालकासमोर त्यानं असं पहिल्यांदाच काही केलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते. केशवजींनी ते पाहिलं, उपरणं झटकलं आणि सारवलेल्या जागेवर सगळ्यात पुढं मांडी ठोकून बसले. "करा तं मंग सुरू!"

सात-सातांची मॅच म्हणजे नुसती पळापळ. पोरं शेणाच्या पोवांवरून घसरत होती, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, सोमाजी दोन्ही बाजूंच्या गोलला तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवत होते. देवाजी काय खेळला! त्या अनवाणी पायाला बॉल माहेरी आल्यासारखा येत होता. आणि सदा... त्याचा खेळ मी कितीदा पाहिलाय, पण त्या दिवशी तो वाऱ्यावर होता.

शेवटाला बरोबरी असताना सदा बॉल घेऊन कडेनं सुटला. देवाजी आडवा आला. सदा वळला आणि मला त्याचं पाऊल रुतलेलं दिसलं. अंग वळलं, मांडी वळली. बंड्याचं झालं होतं तसंच, तेच सगळं. सदा कोसळला. देवाजी त्याच्यावर कोसळला.

मी धावलो. कसा धावलो देव जाणे. मनात एकच, की याला मी आणलं, मी. त्याच्याजवळ पोचून खाली वाकलो तर सदा तोंडातली माती थुंकत होता. त्याच्या बुटाला हरळीचं पसाभर ढेकूळ लटकत होतं, मुळांसकट. जमिनीत त्याच्या जागी खड्डा. मी त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला, दाबला, वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला.

"सर, सोडा की पाय," सदा म्हणाला. "बॉल कुठं गेला?"

बॉल देवाजीच्या गड्यांनी कधीच पुढं नेला होता. शिट्टी कुणी वाजवलीच नव्हती. तिकडं गोल झाला आणि आम्ही फायनल हरलो. तालमीत हा निकाल सांगितला तेव्हा सगळे हळहळले. मला मात्र हरल्याचं तसूभर वाईट वाटलं नाही, हे इथं स्पष्ट लिहितो.

परतताना

मॅच संपल्यावर केशवजी त्या उपटलेल्या हरळीच्या ढिगांपाशी उभे होते. देवाजीच्या मांडीवरची खपली त्यांनी त्या दिवशीच पाहिली म्हणे. मला विचारलं, "गुरुजी, हे नेऊन आमच्या पटांगणात लावलं तं जमते का?"

मी म्हटलं, "ही हरळी आहे केशवजी. हिला मारायची तरकीब अजून कुठल्या शेतकऱ्याला सापडलेली नाही. खाली माती घाला, पाणी द्या."

सोमाजींनी स्वतः फावडं घेतलं. आम्हाला घेऊन आलेली ट्रॉली हरळीनं भरली आणि आम्ही स्टेशनला बैलगाड्यांतून गेलो. बारदानांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मिलमध्ये त्यांना काम पुष्कळ.

तुमसर रोडला गाडी आली. बंड्याला देवाजीनं पोत्यासारखं अलगद पाठीवर घेतलं, डब्यात नेऊन बाकावर ठेवलं आणि त्याच्या फळीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. बंड्याच्या पायाचं ऑपरेशन ठरलंय. तो पुन्हा खेळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत, आणि मी त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा देऊ शकलेलो नाही. त्या दिवशी टाच फिरली नाही तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, असं पोरं म्हणत नाहीत, पण मी म्हणतो.

सदाची ट्रायल परवा आहे. काल संध्याकाळी तो मैदानावर धावत होता, मी कडेला उभा राहून त्याचे गुडघे बघत होतो. निवड होणं न होणं आता त्याच्या खेळावर. आज रात्री मी त्याला मुंबईच्या गाडीत बसवणार आहे. दोन्ही पायांनी चढेल.